ताप नाही, दुखत नाही, पण आजी बरळतायत: कॅज्युअल्टीतले रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे

रात्रीचे दीड वाजलेत. तालुक्याच्या गावाहून १०८ मधून एक आजी आल्यात. वय ७८, अंगकाठी किरकोळ, वजन ४४ किलो. मुलगा सांगतो, "काल दुपारपास्नं काहीतरीच बोलतीय. बाबांना हाका मारतीय, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. सकाळी न्हाणीघरात बसल्या बसल्या कलंडली. ताप नाही, खोकला नाही. कुठं दुखतंय का विचारलं तर मान हलवतीय." सून हळूच म्हणते, "शेजारच्या काकू म्हणाल्या वात झालाय. वयच झालंय आता."

हा प्रसंग मी जुळवून लिहिलाय. पण कुठल्याही दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आठवडाभर बसलात तर अशा आजी किंवा आजोबा दिसल्याशिवाय राहणार नाहीत. आणि 'वयच झालंय' हे वाक्य मला तिथल्या सगळ्या वाक्यांत धोक्याचं वाटतं. वय एका रात्रीत होत नाही. परवापर्यंत जी बाई स्वतःचा चहा स्वतः करून घेत होती, ती आज गेलेल्या नवऱ्याला हाका मारते, तर मधे काहीतरी घडलंय. ते शोधायचं आहे, आणि त्यासाठी रक्त काढायचं आहे.

तरुण माणूस आजारी पडला की त्याचं शरीर आरडाओरडा करतं. न्यूमोनिया झाला तर १०३ ताप, खोकला, बरगडीत कळ. हृदयविकाराचा झटका आला तर छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखणं. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं शरीर तेच आजार दबक्या आवाजात सांगतं. न्यूमोनियात फक्त जेवण सुटतं. झटक्यात नुसता दम लागतो आणि घाम फुटतो. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं तरी माणूस नुसता झोपून राहतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांत रक्ताच्या तपासणीवर जास्त भिस्त ठेवावी लागते. अडचण अशी, की ज्या शरीरानं लक्षणं दाबली तेच शरीर रक्तातले आकडेही फिरवून दाखवतं. रिपोर्टवर कागदाच्या उजव्या कडेला छापलेली 'नॉर्मल' हद्द बहुतेक वेळा धडधाकट प्रौढ माणसांवरून ठरवलेली असते. ७८ वर्षांच्या, ४४ किलोच्या आजी त्यात मोजलेल्या असतीलच असं नाही.

सुईच्या आधी एक टोचणी असते. बोटाच्या टोकाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर बघायची, अर्ध्या मिनिटात आकडा मिळतो. बरळणारा, झोपेत गेलेला, एक हात लुळा पडलेला, कुठलाही वयस्कर माणूस आला की हे पहिलं. साखर ४०-४५ पर्यंत उतरली की माणूस हुबेहूब पॅरालिसिस झाल्यासारखा दिसू शकतो. आपल्याकडे शुगरसाठी ग्लिमेपिराइड सर्रास दिली जाते. वयानं किडनी मंदावली असेल आणि दोन दिवस जेवण नीट नसेल, तर ही गोळी अंगात रेंगाळते आणि साखर पाडत राहते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस टुणकन उठून बसतो, घरच्यांना वाटतं झालं, चला घरी. पण चार तासांनी साखर पुन्हा पडू शकते. अशा पेशंटला किमान एक दिवस तरी नजरेखाली ठेवलं पाहिजे.

आपल्या आजींची साखर १६२ आहे. म्हणजे बरळण्याचं कारण ते नाही. आता रक्त.

नर्सताई एका टोचणीत चार नळ्या भरतात. निळ्या झाकणाची नळी रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, लाल किंवा पिवळी किडनी-लिव्हर-क्षारांसाठी, जांभळी सीबीसीसाठी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, करडी साखरेसाठी. हे रंग शोभेचे नाहीत, प्रत्येक नळीत वेगळं औषध असतं, आणि नळ्या याच क्रमानं भरायच्या असतात. जांभळ्या नळीतल्या औषधात पोटॅशियम असतं. ती आधी भरून तिचा अंश पुढच्या नळीत गेला तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम खोटंच घटलेलं येतं. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त काढलं तर अर्धं सलाईनच मोजलं जातं. म्हातारी शीर बारीक, नाजूक. रक्त ओढताना जोर लागला, की रक्तपेशी फुटतात, त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर येतं. मूठ वीसदा उघड-मीट करायला लावली, की हाताच्या स्नायूंतूनही पोटॅशियम रक्तात येतं. आजींचं पोटॅशियम लॅबनं ५.९ दिलंय आणि खाली बारीक अक्षरात शेरा मारलाय, 'सॅम्पल हिमोलाइज्ड'. हा शेरा न वाचता पोटॅशियम उतरवायची औषधं सुरू केली तर नसलेल्या आजारावर इलाज होतो. ईसीजी काढून आणि नवं सॅम्पल पाठवून खात्री करून घ्यायची. नव्या सॅम्पलमध्ये ४.६ आलं.

पण पोटॅशियम खरंच वाढलेलंही असू शकतं, आणि तेव्हा ते थेट हृदय बंद पाडू शकतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन, आणि वरून कुणीतरी 'बीपीला चांगलं' म्हणून आणून दिलेलं कमी सोडियमचं मीठ, ज्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी ठीक. म्हाताऱ्या किडनीवर तिन्ही एकदम आल्या की धोका. कुठलं मीठ वापरता, हा प्रश्न कॅज्युअल्टीत विचारलाच पाहिजे.

आता मुख्य आकडा. रक्तवायू तपासायचं यंत्र ज्या दवाखान्यात असतं, तिथं थोड्याशा रक्तावर पाच मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, लॅक्टेट, हिमोग्लोबिन असं बरंच काही कळतं. आजींचं सोडियम आलं ११८. असायला हवं १३५ ते १४५.

सोडियम कमी म्हटलं की घरच्यांना वाटतं आजी मीठ कमी खात होत्या. बहुतेक वेळा तसं नसतं. आमटीत मीठ तेवढंच ठेवून दोन तांबे पाणी वाढवा, ती अळणी लागेल. रक्ताचंही असंच होतं, मिठापेक्षा पाण्याचं गणित बिघडलेलं असतं. बीपीसाठी दिलेल्या क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड या गोळ्या किडनीची जास्तीचं पाणी बाहेर टाकायची क्षमता कमी करतात. न्यूमोनियासारखा आजार, काही मानसिक आजारांवरच्या आणि फिटच्या गोळ्या शरीराला पाणी धरून ठेवायचा चुकीचा हुकूम देतात. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात, आणि माणूस आधी चालताना डगमगतो, मग गोंधळतो, मग बरळतो, अगदी खाली गेलं तर फिट येते. कित्येक वृद्धांचं पहिलं लक्षण 'पडले' एवढंच असतं. हाड मोडलं का ते सगळे बघतात, का पडले ते बघायचं राहून जातं.

सुनेनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. एक नवं होतं. तीन आठवड्यांपूर्वी बीपी चढलं म्हणून जुन्या गोळीऐवजी दोन औषधं एकत्र असलेली गोळी मिळाली होती, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. कागदावर काही चूक नाही, लाखो लोक ही गोळी घेतात आणि ठणठणीत असतात. पण वयस्कर, बारीक अंगाच्या बायकांत ही गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम एकदा बघायला हवं. ते राहून गेलं होतं.

इथं मुलगा म्हणतो, "मग लावा ना सलाईन भराभर, मीठ भरून काढा." हा भाग मला नीट समजावावासा वाटतो, कारण घाईनं इथं कायमचं नुकसान होतं. सोडियम दोन दिवसांहून जास्त काळ कमी राहिलं की मेंदूच्या पेशी स्वतःतले क्षार बाहेर टाकून त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात. अशात सोडियम झपाट्यानं चढवलं तर पेशींतलं पाणी एकदम ओढलं जातं आणि मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं. माणूस आधी शुद्धीवर येतो, बोलतो, आणि काही दिवसांनी त्याची वाचा आणि गिळणं जातं, हातपाय पडतात. म्हणून २४ तासांत साधारण ८, फार तर १० अंकांच्या वर चढू द्यायचं नाही. फिट येत असेल, बेशुद्धी असेल, तर तीन टक्क्यांचं तीव्र सलाईन थोडंसं देऊन सुरुवातीचे चार-सहा अंक पटकन चढवतात आणि मग हात आखडता घेतात. गोळी बंद केल्यावर किडनी एकदम मोकळी होऊन सोडियम आपणहून उसळी मारतं, तेही बघावं लागतं. दर चार-सहा तासांनी आजींच्या हाताला सुई का टोचतायत, याचं उत्तर हे आहे. घरच्यांना ते क्रूर वाटतं, पण त्या टोचण्यांनीच आजींचा मेंदू सांभाळला जातो.

याच्या उलटंही घडतं. विदर्भात मे महिन्यात, नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, घरात एकटे असलेले आजोबा तहान लागत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. वयानं तहानेची जाणीव बोथट होते. तेव्हा सोडियम १५५, १६० असं वर सापडतं, आणि तेही बरळतातच. वरून दोघे सारखे दिसतात, इलाज मात्र उलटा. रक्ताशिवाय हे ओळखता येत नाही.

पुढची ओळ क्रिएटिनिनची. आजींचं आलं १.२. लॅबच्या कागदावर बिघाडाची खूण म्हणून ना चांदणी, ना ठळक अक्षर. सगळं ठीक दिसतं. ते ठीक नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा कचरा आणि किडनी म्हणजे घंटागाडी. आठ माणसांच्या घरातला डबा घंटागाडी एक दिवस चुकली तरी भरून वाहतो. एकट्या म्हातारीच्या घरात गाडी चार दिवस आली नाही तरी डबा तेवढाच भरलेला दिसतो, कारण कचराच थोडा असतो. आजींच्या अंगावर स्नायूच कमी. म्हणून किडनी बरीच मंदावली तरी आकडा भला दिसतो.

हिशेब करून बघा. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते याचा अंदाज देणारं १९७६ सालचं एक सूत्र डॉक्टर औषधाचा डोस ठरवायला आजही वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं, क्रिएटिनिनच्या ७२ पटीनं भागायचं, बाई असेल तर शेवटी ०.८५ नं गुणायचं. तीस वर्षांचा ७० किलोचा पुरुष आणि क्रिएटिनिन १.२ असेल तर उत्तर येतं सुमारे ८९. आपल्या आजी, तेच १.२, उत्तर सुमारे २७. आकडा एकच, पण एकाची किडनी उत्तम आणि दुसरीची पाव हिश्श्यावर. लॅब हल्ली रिपोर्टवर ईजीएफआर छापते, तो किडनीच्या कामाचाच अंदाज, पण दुसऱ्या सूत्रानं काढलेला. त्या सूत्रात वजन धरलेलं नसतं, त्यामुळे आजींसारख्या बारीक माणसात तो आकडा उदार निघतो. याच आजींचा तिथं ४६ च्या आसपास येईल. अँटिबायोटिकचा, रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस ठरवताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

आणि एवढ्यानं भागत नाही. सुनेच्या पिशवीत दोन महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट निघाला. घडी पडलेला, हळदीचे बोट उमटलेला. त्यात क्रिएटिनिन ०.७ आणि सोडियम १३६. म्हणजे ०.७ चं १.२ झालंय, दीडपटीच्या वर गेलंय. आठवडाभरात एवढी वाढ झाली तर जगभरची किडनीतज्ज्ञांची व्याख्या तिला किडनीला अचानक झालेली इजा म्हणते, आणि आजींची तब्येत कालपरवाच बिघडलीय हे बघता इथं तेच गृहीत धरायचं. आकडा चढत असताना वरचं सूत्रही खोटा दिलासा देतं, कारण क्रिएटिनिन किडनीच्या मागे एक-दोन दिवस रेंगाळत चढतं. म्हणजे खरी किडनी २७ पेक्षाही मागे असू शकते. हा सगळा शोध लॅबमध्ये लागला नाही, त्या हळदीच्या कागदामुळे लागला. म्हाताऱ्या माणसाचा आकडा पुस्तकातल्या हद्दीशी ताडण्याआधी त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडला पाहिजे, हे मला या लेखात सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

इन्फेक्शनचं काय? आजींच्या पांढऱ्या पेशी ९,२०० आहेत, म्हणजे नॉर्मल. थर्मामीटरवर ९९.८. पण रोजचं तापमानच ९७ च्या आसपास असलेल्या माणसाला ९९.८ म्हणजे ताप आहे. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या वृद्धांत कित्येकदा वाढतच नाही, म्हणून त्यातली विभागणी बघायची. आजींच्या, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ८८ टक्के, म्हणजे जास्त आहेत. सीआरपी, म्हणजे अंगात दाह असला की वाढणारं प्रथिन, ९६. सीआरपीला चढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर गाठायला जवळपास दोन दिवस, त्यामुळे आजाराच्या पहिल्या काही तासांत तो कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तो वाढला म्हणजे कुठंतरी आग आहे एवढंच कळतं, कुठं ते कळत नाही. काही लॅब सीआरपी लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे, आणि या दोन आकड्यांत दहापट फरक असतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक वाचा.

लॅक्टेट २.६ आहे. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट वाढतं. दोनच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, चारच्या वर गेलं की धावपळ. बीपीचा आकडा इथं फसवतो. ज्या आजींचं रोजचं बीपी १६० आहे त्यांचं ११० झालं तर मशीन नॉर्मल दाखवतं, पण त्यांच्या मेंदूला आणि किडनीला ते कमीच पडत असतं. लॅक्टेट ते उघड करतं. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे खाली डाग निघाला. खोकला नसलेला न्यूमोनिया. म्हणजे सोडियम पडायला नवी गोळी आणि न्यूमोनिया असे दोघे जबाबदार. म्हाताऱ्या माणसांत कारण एकटं क्वचित येतं, एक सापडलं म्हणून शोध थांबवायचा नसतो.

इथं एक सापळा आहे, आणि त्यात फार जण अडकतात. गोंधळलेल्या आजींची लघवी तपासली, थोडे जंतू निघाले, झालं, 'युरिन इन्फेक्शनमुळे वात'. वयस्कर बायकांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू असणं अगदी सामान्य आहे. लघवीला जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर नुसत्या गोंधळावरून त्यावर अँटिबायोटिक सुरू करू नये, असं अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ मध्ये मार्गदर्शनात सांगितलं. आपल्या आजींच्या लघवीतही जंतू निघाले होते. तिथंच थांबलो असतो तर सोडियम आणि न्यूमोनिया दोन्ही नजरेतून सुटले असते. पावसाळ्यात मात्र मलेरिया, डेंग्यू आणि कोकण-मुंबईकडे लेप्टो यांच्या तपासण्या मागे ठेवू नयेत. भातखाचरात उभे राहणारे सत्तरीतले आजोबा आपल्याकडे कमी नाहीत.

ट्रोपोनिन या शब्दानं घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात झिरपतं. आताच्या अतिसंवेदनशील चाचणीत, टी जातीच्या ट्रोपोनिनची वरची हद्द १४ नॅनोग्रॅम धरतात. आजींचं ३१ आलं. पण किडनी मंद, हृदय थकलेलं, अंगात इन्फेक्शन, यातल्या कशानंही ते थोडं वर राहतं, आणि वृद्धांमध्ये तर बारमाही वर असलेले कितीतरी असतात. म्हणून एका आकड्यावर झटक्याचा निकाल देता येत नाही. ईसीजी बघायचा, आणि एक ते तीन तासांनी पुन्हा ट्रोपोनिन करायचं. झटक्यात आकडा जिना चढतो किंवा उतरतो, जुन्या दुखण्यात तो सपाट राहतो. आजींचं दुसरं ३३ आलं. सपाट. "दोनदा तीच टेस्ट करून पैसे काढतात" असं कुणी म्हणालं तर हे त्यांना जरूर सांगा.

वयाप्रमाणे हद्द बदलायला हवी, हे एका चाचणीत फार सुंदर सिद्ध झालंय. डी-डायमर. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल का, हे बघायला ती करतात. हद्द ५००. त्याखाली असेल तर गाठ नाही असं धरता येतं. पण वय वाढतं तसं डी-डायमर आपसूक वाढतं, त्यामुळे पंच्याहत्तरीपुढे जवळपास प्रत्येकाचा 'पॉझिटिव्ह' येतो आणि प्रत्येकाला सीटी स्कॅन, त्यातलं किडनीला जड जाणारं औषध. २०१४ मध्ये बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या १९ केंद्रांनी मिळून साधी युक्ती तपासली: पन्नाशीनंतर हद्द म्हणजे वय गुणिले दहा. ७८ वय, तर ७८०. पंच्याहत्तर आणि पुढच्या वयात, ज्यांच्याबद्दल संशय फार दाट नव्हता, त्यांच्यापैकी जुन्या हद्दीनं फक्त ६.४ टक्के लोकांना स्कॅनशिवाय मोकळं करता येत होतं. नव्या हद्दीनं २९.७ टक्के. आणि पुढच्या तीन महिन्यांत सुटून गेलेल्या गाठींचं प्रमाण नगण्य राहिलं. संशय दाट असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, सरळ स्कॅन करतात. आणि डी-डायमर मोजायची दोन एककं आहेत, हे गणित त्यातल्या एकालाच लागू आहे, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

हिमोग्लोबिनचं थोडक्यात. ताजा रक्तस्राव झाला की पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन उतरत नाही, कारण उरलेलं रक्त तेवढंच दाट असतं. गुडघ्यासाठी वेदनाशामक आणि हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या आजोबांना डांबरासारखी काळी शी होत असेल तर ११ हिमोग्लोबिन बघून घरी पाठवू नये. लोहाच्या गोळीनंही शी काळी होते, तेही विचारायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला माणूस डोक्यावर पडला तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी, करतात. वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल यांचा परिणाम त्यात दिसतो. अपिक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांचा त्यात भरवशानं दिसत नाही, म्हणून आयएनआर १.१ आला तरी 'नवी गोळी चालू आहे' हे घरच्यांनी सांगितलंच पाहिजे. रात्रभर फरशीवर पडून राहिलेल्या माणसात सीपीके, म्हणजे स्नायूंची मोडतोड दाखवणारी चाचणी, करतात. दबलेले स्नायू विरघळतात आणि त्यांतलं प्रथिन किडनीत अडकतं.

मग सगळ्याच टेस्ट कराव्यात का? नाही. नॉर्मल हद्द अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पाच तिच्याबाहेर पडतातच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसाच्या केल्या तर एक तरी 'बिघडलेली' निघायची शक्यता ६४ टक्के. रात्री दोन वाजता व्हिटॅमिन डी, कॅन्सर मार्कर यांचं पॅकेज करून काही साधत नाही. आजारपणात थायरॉइडचे आकडेसुद्धा हलतात, खास संशय नसेल तर ते बरं झाल्यावर बघावेत.

पण एकेका चांदणीला अर्थ नसला तरी चांदण्यांच्या गर्दीला असतो. कॅनडातले वृद्धांचे डॉक्टर केनेथ रॉकवूड यांच्या गटानं २०१४ मध्ये २१ नेहमीच्या रक्तचाचण्या आणि बीपीचे वरचे-खालचे दोन आकडे, असे २३ मुद्दे घेतले. हद्दीबाहेर असेल तर एक, आत असेल तर शून्य, बेरजेला २३ नं भागायचं. सात बाहेर असतील तर ०.३०. हा आकडा जितका मोठा तितका पुढच्या काळात मृत्यूचा धोका जास्त, आणि वरवर ठीक दिसणाऱ्या वृद्धांतही हे खरं ठरलं. डेन्मार्कमध्ये तातडीनं दाखल झालेल्या पासष्टीपुढच्या पेशंटांतही असंच आढळलं. शरीराची शिल्लक किती उरलीय, याचा तो अंदाज असतो. मला याचा उपयोग एकाच बाजूनं पटतो: कुणाला मध्यरात्री व्हिटॅमिनची गोळी देऊन घरी पाठवायचं नाही, कुणाकडे जास्त लक्ष ठेवायचं, हे ठरवण्यासाठी. 'स्कोअर वाईट आहे, आता काय करायचं' असं म्हणून हात वर करायला तो कुणी वापरू नये. रॉकवूड यांचीच दुसरी मोजपट्टी आहे, अशक्तपणाची नऊ पायऱ्यांची, आणि तिच्यात माणूस आज खाटेवर कसा दिसतो ते धरतच नाहीत. दोन आठवड्यांपूर्वी तो काय काय करत होता ते विचारतात.

त्यामुळे घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर एक प्लास्टिकची फाइल दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा. त्यात शेवटच्या तीन-चार तपासण्यांचे रिपोर्ट, एक जुना ईसीजी, चालू गोळ्यांची पाकिटं किंवा त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो, काढ्याच्या आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामकांच्या सकट. नवी गोळी कधी सुरू झाली ती तारीख पाकिटावर पेननं लिहा. वजन लिहा. आणि कॅज्युअल्टीत कुणी विचारलं, "आधी कशा होत्या?" तर "बऱ्या होत्या" म्हणून थांबू नका. स्वतः आंघोळ करायच्या का, देवळापर्यंत काठीशिवाय जायच्या का, पैशांचा हिशेब ठेवायच्या का, नातवाचं नाव बरोबर घ्यायच्या का, ते सांगा.

आपल्या आजींच्या मुलानं ते सांगितलं होतं. "परवा सकाळी तिनं स्वतः ज्वारी निवडली, आणि दूधवाल्याचे चाळीस रुपये जास्त गेलेत हे तिनंच धरलं." त्या एका वाक्यानं 'वयच झालंय' हा विषय मिटला. बीपीची ती गोळी बंद झाली, न्यूमोनियासाठी किडनीला जपून अँटिबायोटिक सुरू झालं, सलाईन बेतानं. २४ तासांनी सोडियम १२५. आणखी २४ तासांनी १३०, क्रिएटिनिन ०.९. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायला आलेल्या नर्सताईंना आजींनी विचारलं, "काल पण तूच आली होतीस ना गं?" आणि मग सुनेकडे वळून, "घराला कुलूप नीट लावलंत का?"